खोक्यावर ३२००, पडद्यावर २१३३

गेल्या अंकात रॅम वाढवण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे: पैसे मोजले एका वेगाचे आणि संगणक चालतो दुसऱ्याच वेगाने. त्यामुळे या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि दुकानांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या संगणकात ३२०० ची रॅम आहे, पण सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये वेग १५९७ दिसतो. माझी निम्मी रॅम वाया जाते आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. डीडीआर प्रकारच्या मेमरीत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवली जाते. सीपीयू-झेड सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात ते मोजतो, तर खोक्यावर माहितीच्या फेऱ्या किती दशलक्ष, ते छापलेले असते. १५९७ ची दुप्पट ३१९४ होते, म्हणजेच तुमची रॅम ३२०० वर चालली आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात जाऊन मेमरीवर टिचकी मारलीत, तर तेथे दुप्पट केलेला आकडाच दिसेल. सीपीयू-झेडमध्ये १०६६, १२०० किंवा १३३३ च्या आसपासचा आकडा दिसला असता, तर मात्र पुढची उत्तरे तुमच्यासाठीही होती.

प्रश्न : मी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या) असे माझे मशीन आहे. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) एक्सएमपी चालू करून ते ३२०० वर काही वर्षे विनातक्रार चालले. काम वाढले म्हणून त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन स्टिक घेतल्या. आता बटण दाबले की पंखे फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात. असे दोन-तीनदा झाल्यावर स्क्रीन येते आणि वेग २१३३ दिसतो. एक्सएमपी पुन्हा चालू केले की पुन्हा तोच प्रकार. दुकानदार म्हणतो की रॅम चांगली आहे, बोर्ड बदला. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बोर्ड बदलू नका. दुकानदाराचे पहिले म्हणणे बहुधा खरे आहे. दुसऱ्या म्हणण्याला आधार दिसत नाही.

रॅमच्या खोक्यावरचा ३२०० हा आकडा त्या स्टिकच्या उत्पादकाने दिलेला असतो. ठरावीक व्होल्टेजला, ठरावीक टायमिंगला (रॅमला एकेका कामासाठी किती ठोके लागतात त्या आकड्यांना) आणि ज्या जोडीत ती विकली जाते त्या जोडीत ती या वेगाला चालते, एवढेच तो सांगतो. तुमचा प्रोसेसर आणि तुमचा बोर्ड यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला नाही. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते आणि तिच्यात स्टिकची माहिती लिहिलेली असते. तिच्यात एक कोष्टक मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या प्रमाण वेगांचे असते. तुमच्याकडच्या डीडीआर४ रॅमसाठी त्याचे व्होल्टेज १.२ असते. संगणक पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा बोर्ड हेच कोष्टक वाचतो, आणि तुमच्यासारख्या रॅममध्ये त्यात बहुधा २१३३ किंवा २४०० लिहिलेले असते. ३२०० हा वेग दुसऱ्या कोष्टकात असतो, ज्याला एक्सएमपी म्हणतात. ही सोय इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या वेळी आणली. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या प्रोसेसरांसाठीच्या बोर्डांवर तीच डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी या नावांनी दिसते. या कोष्टकात व्होल्टेज बहुधा १.३५ असते. ते बायोसमध्ये जाऊन हाताने चालू करावे लागते, आणि अनेकांची तक्रार एवढ्यावरच मिटते. तुम्ही ती पायरी कधीच ओलांडली आहे.

पंख्यांचे थांबणे आणि फिरणे हे बिघाडाचे लक्षण मानू नका. त्या वेळी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रत्येक तारेवरचा संदेश नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, याचा मेळ घालत असतो. याला ट्रेनिंग म्हणतात. ३२०० वर प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जातात, त्यामुळे क्षणाच्या निवडीला फार थोडी मोकळीक उरते. मेळ बसला नाही की बोर्ड पुन्हा प्रयत्न करतो, आणि काही प्रयत्न फसल्यावर प्रमाण कोष्टकाकडे, म्हणजे २१३३ कडे, माघार घेतो. तुमचे सेटिंग ‘सेव्ह होत नाही’ असे वाटते ते यामुळे. सेटिंग सेव्ह होते, वापरून पाहिले जाते आणि नाकारले जाते.

ते नाकारले का जाते, याचे उत्तर एएमडीच्या स्वतःच्या आकड्यांत आहे. रायझन ३००० मालिकेतील तुमच्या प्रोसेसरसाठी कंपनी दोन स्टिकना ३२०० ची हमी देते. चार स्टिक असतील आणि त्या सिंगल रँक असतील तर हमी २९३३ ची आहे. चारही डुअल रँक असतील तर २६६७ ची. स्टिकवरील चिपांचा एक पूर्ण संच म्हणजे एक रँक. ८ जीबीच्या अलीकडच्या स्टिक बहुधा सिंगल रँक असतात. सीपीयू-झेडच्या ‘एसपीडी’ या पानावर ते पाहता येते. म्हणजे चार स्टिक लावल्याबरोबर ३२०० हा आकडा कंपनीच्या हमीबाहेर गेला. तो काही मशीनवर चालतो, काहींवर चालत नाही, आणि तुमच्यावर चालत नाही.

यामागचे कारण तारांच्या रचनेत आहे. बोर्डवर स्लॉट चार असले तरी चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांमधले रस्ते, दोनच असतात आणि एका चॅनलच्या तारा दोन स्लॉटना मिळून पुरतात. बहुतेक साध्या बोर्डांवर ही तार आधी प्रोसेसरजवळच्या स्लॉटला स्पर्श करून पुढे दुसऱ्या स्लॉटपाशी संपते. टोकाच्या स्लॉटमध्ये स्टिक असेल तर संदेश तेथे नीट जिरतो. टोक मोकळे ठेवून जवळच्या स्लॉटमध्ये स्टिक लावली, तर उरलेल्या तारेवरून संदेश परावर्तित होऊन मूळ संदेशात मिसळतो. म्हणूनच दोन स्टिक नेहमी प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. दोन्ही स्लॉट भरले की तारेवरचा भार वाढतो आणि संदेशाच्या कडा बोथट होतात. त्यात दोन जोड्यांमध्ये काही वर्षांचे अंतर असेल, तर मॉडेल एकच असूनही आतल्या चिपा वेगळ्या कंपनीच्या असू शकतात. स्टिकवरच्या लेबलावर बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक असतो. जुन्या आणि नव्या जोडीवरचा हा क्रमांक ताडून पाहा. तो वेगळा असेल तर आश्चर्य वाटायला नको.

आता काम. वायर काढा, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि चारही स्टिक बाहेर काढा. जुनी जोडी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. स्टिकच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या आणि खटका बसल्याचा आवाज ऐका. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो आणि दुसरी बाजू अर्धवट राहिलेली लक्षात येत नाही. एक्सएमपी चालू करून ती जोडी ३२०० वर येते ना, हे पाहा. मग ती काढून त्याच दोन स्लॉटमध्ये फक्त नवी जोडी लावा. नवी जोडी एकटी ३२०० वर येत नसेल, तर वाद संपला: ती दुकानात न्या आणि वॉरंटीत बदलून मागा. हा प्रयोग दुकानदारासमोरच केलात तर उत्तम.

दोन्ही जोड्या एकेकट्या चालल्या, तर चारही लावा आणि एक्सएमपी चालू ठेवून फक्त वेगाचा आकडा २९३३ करा. व्होल्टेज १.३५ च आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या, कारण वेग हाताने बदलताना काही बायोस ते गुपचूप १.२ वर आणतात. फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरचे आतले भाग जोडणाऱ्या मार्गाचा, वेग ‘ऑटो’वर असू द्या, तो मेमरीच्या निम्मा, म्हणजे १४६७ च्या आसपास, आपोआप येतो. २९३३ वरही अडले तर २६६६ (वरचे २६६७ ते हेच) घ्या. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या प्रोसेसरच्या भागाला मिळणारे व्होल्टेज) १.१ पर्यंत वाढवल्याने कधी कधी चार स्टिक वठणीवर येतात, १.२ च्या पुढे मात्र जाऊ नका. आणि प्रयोगाच्या भरात स्क्रीन येणेच बंद झाले, तर घाबरू नका: वायर काढून बोर्डवरचा गोल सेल काही मिनिटे बाहेर ठेवला किंवा बोर्डवरची ‘क्लिअर सीएमओएस’ची दोन टोके जोडली, की बायोस मूळ सेटिंगवर येतो.

विंडोज सुरू झाले म्हणजे वेग टिकला, असे समजू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली गेली तर वेग एक पायरी खाली आणा. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या कामात ती एक चूक कुणाच्या तरी लग्नाच्या फाइलमध्ये जाऊन बसेल आणि एक्सपोर्ट करेपर्यंत कळणारही नाही.

बायोस जुना असेल तर तो अद्ययावत करून पाहणे योग्यच आहे. रायझनची पहिली पिढी मार्च २०१७ मध्ये आली तेव्हा रॅमच्या तक्रारींचा पाऊस पडला होता आणि त्याच वर्षी आलेल्या अजेसा १.०.०.६ या एएमडीच्या फर्मवेअरने (बायोसमधल्या मूळ प्रोग्रामने) त्यांतल्या पुष्कळ मिटवल्या. मात्र बायोस बदलत असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच बदलावा लागेल, तेव्हा यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळा. दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो. नवा बोर्ड घेतलात तरी जुना प्रोसेसर आपली मर्यादा बरोबर घेऊन येईल. ३२०० वरून २९३३ वर आल्याने मेमरीची वहनक्षमता सेकंदाला ५१.२ जीबीवरून ४६.९ जीबीवर येते. एडिटिंगमध्ये १६ ऐवजी ३२ जीबी मिळण्याचा फायदा त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि मी असतो तर २९३३ वर समाधानाने काम सुरू केले असते.

प्रश्न : कोअर आय५-१०४००, बी४६० बोर्ड आणि ३२०० च्या दोन स्टिक. एक्सएमपी चालू आहे, तरी वेग २६६६ च्या पुढे जात नाही. रॅम बनावट तर नाही ना? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : रॅम अस्सल आहे आणि बोर्डही निर्दोष आहे. या प्रोसेसरसाठी इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादाच २६६६ आहे, आणि बी४६० चिपसेटवर ती ओलांडण्याची मुभा इंटेलने दिलेली नाही. याच बोर्डवर दहाव्या पिढीचा आय७ असता तर २९३३ मिळाले असते. मर्यादा ओलांडायची तर त्या पिढीत झेड४९० चा महाग बोर्ड घ्यावा लागे. २०२१ च्या बी५६० पासून ही अट सैल झाली. विक्रेत्याने हे सांगायला हवे होते, पण ३२०० ची रॅम २६६६ च्या जवळपास त्याच किमतीला मिळत असेल तर तुमचे नुकसान काहीच नाही.

उलट थोडा फायदा पदरात पाडून घेता येईल. सीएल म्हणजे पहिली माहिती येईपर्यंत जाणारे ठोके. २६६६ वर सीएल १९ असेल तर पहिली माहिती हाती यायला सुमारे १४.२५ नॅनोसेकंद लागतात. सीएल आकड्याला २००० ने गुणून वेगाने भागले की हे उत्तर येते. तुमची रॅम ३२०० वर सीएल १६ ची असेल, तर २६६६ वर ती सीएल १६ सहज पेलते आणि हाच काळ १२ नॅनोसेकंदांवर येतो. काही बी४६० बोर्डांवर टायमिंग हाताने बदलता येते. तुमच्या बोर्डवर तसे असेल तर बदला, मेमटेस्ट८६ चालवा, आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डासाठी ठेवा.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये आय५-८२५०यू आहे. ३२०० ची नवी रॅम टाकली, पण २४०० दिसते. बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच नाही. (एक वाचक, पणजी)

उत्तर : या प्रोसेसरची डीडीआर४ साठीची मर्यादा २४०० आहे आणि साध्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय देतच नाहीत. करण्यासारखे काही नाही, आणि करण्याची गरजही नाही.

प्रश्न : माझा संगणक कायम ३२०० वर चालत असे. पावसाळ्यानंतर एक दिवस आपोआप २४०० वर आला. एक्सएमपी चालू केले की नीट होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा २४००. कॅबिनेट उघडलेलीही नाही. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केल्यावर आधी तारीख आणि वेळ पाहा. इंटरनेटला जोडण्याआधीच पाहा, कारण जोडल्यावर विंडोज घड्याळ दुरुस्त करून घेते आणि पुरावा नाहीसा होतो. घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असेल तर बोर्डवरचा सेल संपला आहे. रात्री तुम्ही भिंतीवरचे बटण बंद करता, सेल आधार देत नाही, आणि बायोस सारी सेटिंगे विसरतो. एक्सएमपीही त्यांतलेच एक. सीआर२०३२ या क्रमांकाचा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

घड्याळ बरोबर असेल तर संशय संपर्कबिंदूंवर जातो. कोकणातल्या दमट हवेत धुळीचा थर चिकट होऊन बसतो. स्टिक काढून तिच्या सोनेरी कडेवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले, धागे न सुटणारे कापड फिरवा आणि पूर्ण वाळल्यावर परत लावा. आपल्याकडे यासाठी खोडरबर वापरण्याची सवय आहे. त्याने मळ निघतो हे खरे, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि दर वेळी थोडा झिजतो, शिवाय रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात.

प्रश्न : रायझन ७ ७७००एक्स, डीडीआर५ ६००० च्या १६ जीबीच्या चार स्टिक. पहिल्यांदा सुरू केले तेव्हा कितीतरी वेळ स्क्रीन काळीच होती, मी दोनदा बटण दाबून बंद केले. अखेर सुरू झाले तर वेग ३६००. एक्स्पो चालू केले की सुरूच होत नाही. (एक वाचक, बंगळूर)

उत्तर : पहिल्या वेळी बटण दाबायला नको होते. डीडीआर५ चे ट्रेनिंग, विशेषतः चार स्टिकचे, काही मिनिटे चालू शकते आणि तोवर पडद्यावर काहीही दिसत नाही. रॅम बदलल्यावर किंवा बायोस अद्ययावत केल्यावर हे पुन्हा होईल. तेव्हा चहा घेऊन या.

वेगाबद्दल बोलायचे तर एएमडी या मालिकेला दोन स्टिकसाठी ५२०० आणि चार स्टिकसाठी फक्त ३६०० ची हमी देते. म्हणजे तुम्हाला दिसणारा आकडा कंपनीने सांगितलेलाच आहे. साताऱ्याच्या वाचकांना दोन स्टिकवरून चारवर जाताना हमीतले ३२०० चे २९३३ झाले, तुमच्याकडे ५२०० चे ३६००. डीडीआर५ मध्ये ही उतरण इतकी तीव्र आहे की मी चार स्टिकचा विचार कुणालाही सुचवत नाही. एक्स्पो हे एएमडीचे स्वतःचे कोष्टक २०२२ मध्ये याच प्रोसेसरांबरोबर आले, आणि तुमच्या खोक्यांतले ६००० चे कोष्टक दोन स्टिकच्या एका जोडीसाठी आहे. दोन वेगळी खोकी घेऊन चार स्टिक केल्या असतील, तर त्या एकत्र तपासलेल्याच नाहीत.

परत करण्याची मुदत असेल तर चारही परत करा आणि ३२ जीबीच्या दोन स्टिकचा एकच संच घ्या. तेवढेच ६४ जीबी मिळतील आणि ६००० गाठण्याची शक्यता पुष्कळ वाढेल. मुदत संपली असेल तर ४८०० पासून सुरुवात करून, दर पायरीला मेमटेस्ट८६ चालवत, जेथे टिकेल तेथे थांबा. त्याआधी बायोस अवश्य अद्ययावत करा. २०२३ मध्ये या पिढीतले काही प्रोसेसर जळाल्यानंतर एसओसी व्होल्टेजवर १.३ ची कमाल मर्यादा घालण्यात आली, आणि त्याआधीच्या बायोसमध्ये ती नाही.

प्रश्न : रायझन ५ ५६००जी आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. १६ जीबीची ३२०० ची एकच स्टिक आहे आणि ती पूर्ण वेगाने चालते. तरी गेम अडखळतात. ३६०० ची रॅम घेऊ का? (एक विद्यार्थी, अकोला)

उत्तर : घेऊ नका. एका स्टिकवर एकच चॅनल चालतो आणि त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाते. ३६०० ची रॅम घेतलीत तर हा आकडा २८.८ होईल. याच मॉडेलची दुसरी स्टिक घेतलीत तर तो ५१.२ होईल, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे हा फरक गेममध्ये थेट दिसेल. खरेदीआधी जुन्या स्टिकच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा आणि दुकानात तोच आवृत्तीचा क्रमांक मागा. बोर्डवर चार स्लॉट असतील तर दोन्ही स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, दोनच असतील तर प्रश्नच नाही. त्यानंतर एक्सएमपी अजून चालू आहे का हे बायोसमध्ये जाऊन पाहा, कारण नवी स्टिक दिसली की काही बोर्ड ते बंद करून टाकतात.